उजवीकडची पाकळी

१० जानेवारी, शुक्रवार

मिळाली! मुलाखत मिळाली! पणजीची डिझाईन कंपनी, २४ तारीख. अट एकच – स्वतः बनवलेलं ॲप आणायचं, दहा खऱ्या माणसांनी आठवडाभर वापरलेलं. नाही जमलं तर साखळी गावच्या बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातली नोकरी आहेच, जन्मभर.

११ जानेवारी, शनिवार

दुकानात गिऱ्हाईक नाही. लाडक्या स्क्रीनची यादी करत बसले. पहिला नंबर नकाशातला निळा ठिपका – तू इथे आहेस, बस्स! मग व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा. एक अक्षर नाही, तरी मैत्रीण समीक्षा त्यावरून माझ्याशी दोन दिवस भांडू शकते! आणि यादी बोटाने खाली ओढून सोडली की ताजी होते, ते ज्याला सुचलं त्याच्या मी पाया पडेन. यातलं काहीच कुणी शिकवत नाही. बोटाला आपोआप कळतं. असं एक तरी माझ्या हातून व्हावं!

१२ जानेवारी, रविवार

सकाळी भोंपू ऐकून धावले तर पाववाल्या अनंत पोदेराची सायकल वळणापलीकडे. आमच्या टोकाच्या घरांपर्यंत पाव उरतच नाहीत. मी तिथेच, रस्त्यात, परकर सावरत ओरडले – हेच माझं ॲप! आदल्या संध्याकाळी एकच प्रश्न: उद्या पाव हवेत? अनंतच्या फोनवर घरांची यादी. कारापुरातल्या आमच्या वाड्यावरची अकरा घरं तयार झाली. आई म्हणाली, "हिका पिशें लागलां." लागलंच आहे वेड!

१५ जानेवारी, बुधवार

झालं! काय देखणं झालंय! पांढऱ्या दोन पाकळ्या, शेवंतीच्या. डावीकडची 'होय', उजवीकडची 'नाका', म्हणजे नको. शब्द अगदी बारीक, फिकट राखाडी – महागड्या ॲपमध्ये असतात तसे. संध्याकाळी अकराही घरांनी बटण दाबलं. मी अंगणात नाचले.

१६ जानेवारी, गुरुवार

वाड्यावर एकाही घरात पाव नाही!

अनंत भोंपू न वाजवताच निघून गेला. फोन केला तर म्हणतो, "अकराय घरांनी नाका म्हणलां. म्हाका दिसलें आज एकादस!"

आमच्या दारात सगळ्या जणी जमल्या. शेजारच्या गंगावैनी पुढे – "गे, पाकळ्यो तुवेंच काडल्यो. उजवी म्हणजे होय! देवळांत दावो प्रसाद पडलो जाल्यार कोण होय म्हणटा?"

कपाळावर हात मारला. जन्मापासून बघतेय – देवीला कौल लावला की उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. चष्म्याशिवाय माझी राखाडी अक्षरं कुणाला दिसणार? पाकळ्या तेवढ्या दिसल्या, आणि बोटाला आपोआप कळलं! लाज वाटली आणि हसू आवरेना.

लगेच 'होय' उजवीकडे. अक्षरं काळी, ठसठशीत.

१७ जानेवारी, शुक्रवार

अकरा घरं, अकरांना पाव. गंगावैनींनी मला गरम उंडो, गोल पाव, आणून दिला.

२४ जानेवारी, शुक्रवार

मुलाखतीला सुविधा मॅडम होत्या. आठवडा दाखवला, आणि पहिल्या दिवसाची फजितीही. त्यांनी विचारलं, चूक कुणाची? म्हटलं, "माझी. बायकांनी बरोबरच दाबलं." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल? बसमध्ये साखळीपर्यंत तोच विचार.

२९ जानेवारी, बुधवार

घेतलं! मला घेतलं! संध्याकाळी मेल आली. खाली इंग्रजीत दोन बटणं. आई सकाळीच देवळात कौल लावून आली होती. म्हणाली, "शुभ काम. हांव बटण दामतां." मी समीक्षाला फोनवर सांगत होते, ओरडतच. आईने डोळे मिटून हात जोडले आणि दाबलं.

उजवीकडचं.

'आपला नकार नोंदवला आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

कंपनीचा फोन कुणी उचलत नाही. आई पाटावर बसून रडतेय. तिला काय बोलू? आता मीसुद्धा रडतेय.

३० जानेवारी, गुरुवार

साडेनऊला सुविधा मॅडमनी फोन उचलला. सगळं ऐकलं. इतक्या हसल्या की पलीकडे कुणीतरी त्यांना पाणी दिलं. "सोमवारी ये. पहिलं काम, ती दोन बटणं."

आईने डोळे पुसले. "उजवोच पडिल्लो गे प्रसाद!"