आमच्या मंडळीचा फडचा

भेस्तान, सुरत
गुरुवार, २३ जानेवारी १९९७

आज सकाळी दूध घेतलं. दळण टाकून आलो. दुपारी भात केला, तो खाली लागला, वरचा खाल्ला. आता पत्र लिहायला बसलो आहे.

ती. अक्का,

मधुकरचा तुला आणि दाजींना वाकून नमस्कार. मी इथे बरा आहे, तुम्ही तिथे बरे असाल असं धरून चालतो. तुझ्या गुडघ्यांना थंडी बाधत असेल. तू कळवलेलं तेल मी माझ्या खांद्याला लावून पाहिलं. खांदा तसाच आहे, पण शेजारची मांजर घरात येईनाशी झाली. दाजींनी तंबाखू सोडली असं तू लिहितेस आणि सोडलेली नाही असं ते लिहितात, तेव्हा दोन्ही पत्रं शेजारी ठेवून मी मधलं काहीतरी खरं मानतो.

तुझं ट्रकचं पत्र मिळालं. दाजींच्या ओळखीच्या व्यापाऱ्याचा मिरचीचा ट्रक सुरतेत माल उतरवून रिकामा परततो, त्यात माझं कपाट, कॉट आणि मला घालून होळीच्या आत नंदुरबारला न्यायचं, आणि इथलं घर विकायला काढायचं, असं तू आणि पुण्याहून आमच्या लेकीने, वर्षाने, फोनवर ठरवलंत. कमल गेल्यावर एकट्या माणसाने परमुलखात राहू नये, हे तुझं म्हणणं. त्याचं उत्तर देतोच. पण आधी सहलीचा वृत्तांत देतो, कारण जा, चार माणसांत मिसळ, म्हणून तूच मागे लागली होतीस. (कमलचं वर्ष होईपर्यंत देवदर्शन नको, पडक्या विटा बघायला हरकत नाही, हा तुझा निर्णय मी पाळला. मोढेऱ्याला सूर्याचं देऊळ होतं खरं, पण आत मूर्ती नाही. विचारून खात्री करून घेतली.)

तीन दिवसांची सहल, आणि बसमध्ये सगळी जोडपी होती. माझ्या शेजारच्या जागेवर नाश्त्याच्या डब्यांची एक मोठी थैली बसली होती. ती पुढच्या बाकावरच्या ठाकोरभाईंची. ठाकोरभाई सहकार खात्यातले निवृत्त ऑडिटर, अंगाने भरलेले, आवाजाने त्याहून जास्त. त्यांच्या पत्नी कुसुमबेन. डबा काढायच्या निमित्ताने ठाकोरभाई दर थोड्या वेळाने मागे वळत आणि वळलेच आहेत म्हणून माझ्याशी बोलत. भरूच येण्याआधीच त्यांनी विचारलं, "शुं करो छो, भाई?" मी म्हटलं, काही नाही, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो. आणि का कोण जाणे, न विचारता पुढे म्हणालो, "फागणमां अमारी मंडळी गई, त्यारनो घरे ज छुं." फाल्गुनात आमची मंडळी गेली, तेव्हापासून घरीच आहे.

इथे एक सांगून ठेवतो, नाहीतर तुला पुढचं कळणार नाही. (मला ते तिसऱ्या दिवशी कळलं.) आपण बायकोला मंडळी म्हणतो. बाबा म्हणायचे, दाजी म्हणतात. गुजरातीत मंडळी म्हणजे सहकारी संस्था. दुधाची मंडळी, उसाची मंडळी. चलथाणच्या बाजूला गेलं की साखरेच्या मंडळीचा हा मोठा बोर्ड आहे आणि तो मी तीस वर्षं वाचतो आहे. पण वाचणं वेगळं आणि तोंडातून निघणं वेगळं. 'वारली' हा शब्द मला अजून म्हणता येत नाही, म्हणून मी 'गेली' म्हणालो. मंडळी गेली. त्या बिचाऱ्या ऑडिटरला काय वाटणार? फडचा झाला, म्हणजे संस्था बुडाली आणि गुंडाळली, हेच.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "अरेरे! शाथी?" मी सांगितलं की बिघाड आतूनच होता, बाहेरून काही कळलं नाही. ते म्हणाले, "अंदरथी ज होय, भाई! बहारथी कोई मंडळी नथी डूबती." मी म्हटलं, मोठ्या साहेबांना दाखवलं, पण तोवर उशीर झाला होता. (मी मुंबईच्या डॉक्टरांबद्दल बोलत होतो.) ठाकोरभाईंनी मान हलवली. "साहेबो मोडा ज पडे," साहेब लोक नेहमी उशिराच येतात, आणि माझ्या हातावर खमणाचा एक तुकडा ठेवला. मला बरं वाटलं. इतक्या सरळपणे गेल्या दहा महिन्यांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

लोथल दुपारी आलं. अक्का, तिथे बघण्यासारखं काय, तर विटा. पण चार हजार वर्षांपूर्वी भाजलेल्या, आणि सगळ्या एका मापाच्या. मी चोरून वीत लावून बघितली. आमचे गाइड नटुभाई म्हणाले, ही जहाजांची गोदी. ठाकोरभाई म्हणाले, हे तळं. नटुभाई म्हणाले, लोथल म्हणजे मढ्यांची टेकडी. त्यावर मात्र कुणी वाद घातला नाही. मी आपला पाणी कुठून आत येत असेल आणि जास्तीचं कुठून बाहेर जात असेल ते बघत बांधाने हिंडलो. दोन्ही वाटा सापडल्या. आमच्या खात्यात सांडव्यावरून किती भांडणं झाली, आणि इथे कुणी बिनबोभाट करून गेलं. संग्रहालयात मोहरीएवढे मणी आहेत, भोक पाडलेले. तशी माळ कमलच्या हातून दोनदा तुटली असती आणि मला पलंगाखाली शिरावं लागलं असतं, असं मनात आलं आणि मी ते बोलून गेलो. ठाकोरभाईंना नीट ऐकू आलं नाही. ते त्यांच्याच विचारात होते.

"सभासद केटला हता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन. पुढे एक मुलगी वाढली, ती लग्न होऊन पुण्याला गेली. "बे ज? तो रजिस्टर केवी रीते थई?" मी म्हटलं, रजिस्टर केलंच नव्हतं, ब्राह्मणाने लावलं आणि झालं. रजिस्ट्रार ब्राह्मण होता तर, असं ते कुसुमबेनना म्हणाले, आणि त्या काळी असंच चालायचं, असंही. मला वाटलं, सुरती माणूस आहे, दुःखाचं बोलणंही जरा वाकडं करून बोलत असेल. उलट प्रश्न विचारायची मला सवय नाही, हे तू जाणतेस.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नळ सरोवर. होडीत बसल्याबरोबर कुसुमबेननी रामनाम सुरू केलं, मला पोहता येत नाही, मला परत न्या, म्हणून. नावाडी होडीतून खाली उतरला आणि पाण्यात उभा राहिला. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत होतं. सरोवर मैलोगणती, खोली एवढीच. कुसुमबेन म्हणाल्या, "तो य बेसी जा, भाई, मने चक्कर आवे छे." तरीपण वर बस, मला चक्कर येते. पलीकडे रोहित पक्षी उभे होते, हजारो, आणि सगळे एका पायावर. दुसरा पाय का दुमडतात ते मी नटुभाईंना विचारलं. ते म्हणाले, दमतात. मग दोन्हीवर उभं राहिलं तर कमी दमणार नाहीत का? यावर ते म्हणाले, काका, आधी फोटो काढून घ्या. (तुझ्या माहितीत कुणी असेल तर विचार. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.)

तोवर मागच्या बाकांवरही बातमी गेली होती. होडीतल्या बायका मला विचारू लागल्या, मंडळी काय बनवायची? मी म्हटलं, तसं सगळंच, पण नाव होतं ते मांड्यांचं. मग मला सांगावं लागलं की आमच्या खान्देशात खापर चुलीवर पालथं घालतात, पुरणाचा गोळा हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवतात आणि त्यावर टाकतात. मी होडीत हात करून दाखवले. माझ्या हातांकडे बघून तो नावाडीसुद्धा थांबला. रोज? नाही, सणावारी, रोज भाकरी. ऑर्डरवर? मी म्हटलं, ऑर्डर तर तिचीच चालायची. नफ्यात होती? ठाकोरभाईंनी विचारलं. मी जरा विचार करून म्हटलं, "खोट कदी नथी आवी." तोटा कधी आला नाही. ते म्हणाले, मग बंद का पडली? मी पक्ष्यांकडे बघत बसलो.

दुपारी झालावाडातल्या एका विणकरांच्या गावी गेलो. लोकरीच्या काळ्या शाली, त्यावर बाजरीच्या दाण्यासारखे ठिपके. मी भरतकाम समजलो, पण ते विणतानाच उभ्या धाग्याला बोटाने दुसऱ्या रंगाचा पीळ देऊन करतात. (तुझ्यासाठी एक घेतली आहे. उलटीकडूनही सुलटीसारखीच दिसते, त्यामुळे तुझं आणि दाजींचं भांडण व्हायला नको.) मी मागाजवळ उकिडवा बसून बघत होतो, एवढ्यात ठाकोरभाईंनी त्या म्हाताऱ्या विणकराच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, या काकांकडे बघा. यांची मंडळी दोनदा गेली. आता तिसरी उभी केली आहे, आणि चांगली चालली आहे! मी त्या म्हाताऱ्याकडे बघितलं. तोंडात दात नव्हते. "तमे य नवी ऊभी करो. हुं छुं ने!" ठाकोरभाई म्हणाले, तुम्हीही नवी उभी करा, मी आहे ना. "सरकार पण सहाय आपे छे."

अक्का, सरकार कशाकशाला पैसे देईल याचा या राज्यात भरवसा नाही, पण हे मला फार लागलं. वर्ष व्हायचं आहे अजून. मी उठून बसमध्ये जाऊन बसलो आणि संध्याकाळचं जेवलो नाही. ठाकोरभाईंनी खाकऱ्याचा डबा माझ्या बाजूच्या थैलीवर ठेवून दिला आणि कुसुमबेनना सांगितलं, यांनी त्या मंडळीत फार जीव घातला होता.

तिसऱ्या दिवशी पाटण, राणीची वाव. गुजरातीत वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. आपण 'बोलायला वाव नाही' म्हणतो तो वाव वेगळा, पण मी बराच वेळ या दोन शब्दांचा विचार करत उतरत होतो. सात मजले खाली जाते, अक्का. दोन्ही अंगांना देव, अप्सरा, नागकन्या. एक बाई आरशात बघून ओठ रंगवते आहे, तिला नऊशे वर्षं झाली. नटुभाई म्हणाले, राजा वारल्यावर त्याच्या आठवणीसाठी राणीने ही बांधली. मग ठाकोरभाई माझा रुसवा काढायला म्हणाले, तुम्ही तुमच्या मंडळीच्या आठवणीत काय बांधणार? निदान विहीर तरी?

मी म्हटलं, विहीर नको. "एने कूवानी बीक लागती."

"कोने?"

"मंडळीने."

"मंडळीने कूवानी बीक?" ठाकोरभाई म्हणाले. त्यांच्या सबंध नोकरीत विहिरीला घाबरणारी मंडळी त्यांनी तपासलेली नव्हती. मी सांगू लागलो की लहानपणी आम्ही शेजारी असताना तिच्या मळ्यात विहिरीच्या काठाला नेलं की ती माझ्या सदऱ्याची बाही धरून 'माले भ्याव लागस' म्हणायची, आणि लग्नानंतरही म्हणायची. तेव्हा कुसुमबेन एक पायरी खाली उतरून माझ्यासमोर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाई, मंडळी एटले तमारां घरवाळां?"

मी हो म्हटलं. ठाकोरभाई पायरीवर बसले. त्यांनी टोपी काढली. "अने में पूछ्युं के नफो करती हती!" आणि मग त्यांना एकेक आठवत गेलं, रजिस्ट्रार, सभासद, आणि शेवटी सरकारी सहाय. ते दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागले. तोवर मलाही एकेक उमगत होतं. त्या दात नसलेल्या विणकराचं उमगलं तेव्हा मी हसलो. मला आवरेना. आवाज विहिरीत घुमला आणि वरून परदेशी पाहुणे वाकून बघू लागले. कुसुमबेन रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि ठाकोरभाई कुणाकडे बघावं ते न कळून नागकन्येकडे बघत होते.

पण त्यानंतर वाईट झालं. बसमध्ये बातमी फिरली आणि सगळे गप्प. मागच्या बायका माझ्याशी हळू आवाजात हवेबद्दल बोलू लागल्या. मोढेऱ्याचं कुंड सुंदर आहे, पण तिथे मला कुणी काही विचारलं नाही. दोन दिवस ते मंडळीबद्दल विचारत होते, कशी सुरू झाली, काय बनवायची, कोण चालवायचं, आणि मी सांगत होतो. ती बाई होती आणि वारली हे कळल्यावर तिच्याबद्दल बोलणं बंद. दिवाळीत तुझ्याकडे चिवडा खाताना 'कमल शेंगदाणे जास्त टाकायची' एवढंच मी म्हणालो, तर दाजींनी रेडिओ मोठा केला आणि तू माझ्या बशीत आणखी चिवडा वाढलास. मायेनेच केलंत. पण पुढचं वाक्य माझ्याकडेच राहिलं.

मेहसाण्याच्या अलीकडे चहाला बस थांबली. कुसुमबेन कप घेऊन माझ्या बाजूच्या थैलीला खाली ठेवून तिथे बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पछी? एनो ऑर्डर केवो चालतो, ए वात तो अधूरी रही." मग? तिची ऑर्डर कशी चालायची, ते तर अर्धंच राहिलं. सुरत येईपर्यंत मी बोलत होतो. घसा अजून बसलेला आहे.

बाकी क्षेम. ट्रकबद्दल म्हणशील तर तू मोठी आहेस, तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलेलो नाही. तुम्ही विचार करूनच ठरवलं असेल. वर्षालाही तसं कळव. दाजींना पुन्हा नमस्कार.

तुझा,
मधुकर

ता. क. ट्रक पाठवू नकोस. मी येत नाही. वरचं रीत म्हणून लिहिलं.

ता. क. दुसरा : दोन फेब्रुवारीला, रविवारी, ठाकोरभाई, कुसुमबेन आणि बसमधली आणखी चार जोडपी माझ्याकडे मांडे खायला येणार आहेत. बोलावणं मीच दिलं. खापर घरात आहे, हात तुझे लागतील. शनिवारच्या गाडीने ये. वर्ष व्हायच्या आत गोडधोड कसं, असं म्हणशील, तर हा सण नाही. मंडळीचं उत्पादन दाखवायचं आहे.

ता. क. तिसरा : आलीस की त्यांच्यासमोर कमलबद्दल बोल. तुझं नि तिचं फारसं पटत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तेही सांगितलंस तरी चालेल.

नळाला पाणी आलेलं ऐकू येतंय. पिंप घासून भरून ठेवतो.