सुमनच्या मशीनचे उलटे आटे

गुरुवार, रात्री जेवणानंतर

सुमनच्या शेंगाचटणीच्या मशीनचा नट आज चालू मोटरवर सुटला. पातं निसटून भांड्यावर आदळलं. तिचा हात वीतभर लांब होता. वीतभरच!

शाफ्टचे आटे पार झिजलेले. आटे पाडायला नवा शाफ्ट माझ्या वर्कशॉपातल्या लेथवर चढवला तेव्हाच कळत होतं, की मोटर फिरते तसा नट सैल होतो, म्हणजे आटे उलटेच पाडायला हवेत. पण पातं धुवायला नट रोज तीच खोलते. इतक्या वर्षांची हाताची सवय. सवयीनं खोलायला गेली आणि आवळूनच बसली तर? शेवटी तिलाच विचारलं.

"उलटे तर उलटे. तुमच्यासंगं संसार केला की, हे काय अवघड हाय?" ती हसली. मी तिचा हातच बघत होतो.

उलटे पाडले. दुपारभर मशीन चालली, नट हलला नाही. खोलतानाही ती चुकली नाही.

आत्ता जेवताना मात्र लोणच्याच्या बरणीचं झाकण तिनं उलटं फिरवून आणखीच घट्ट केलं. मी बरणी ओढून घेतली, उघडली आणि तिच्यापुढं ठेवली.