राबाला गेली

सोमवार, ता. ७ मार्च १९३८

गेल्या मंगळवारी इथे लिहिलं आहे, ‘ठमीला बापाने पाटलाकडे राबायला घातली आहे. आईने स्वतः सांगितले.’ हे चूक आहे. आईने तसं सांगितलं नव्हतं. खोडत नाही. काका घरी शिकवायचे तेव्हा पाटीवरची चूक पुसू द्यायचे नाहीत, तिच्याखालीच बरोबर लिहायला लावायचे. तसंच करते.

ठमी तिसरीत. वरच्या वाडीतून शाळेत येणारी एकटीच मुलगी. पंधरवडाभर फिरकली नाही म्हणून मी घरी गेले होते. आई अंगणात शेणी थापत होती. म्हणाली, “राबाला गेलीय.” कुठे, तर “पाटलाच्या वरकसावर.” एवढंच. बाकीचं सगळं मी माझ्या मनाने जोडलं.

आज शाळा सुटल्यावर ओढ्याकडे गेले तर ठमी समोरून. डोक्यावर ओल्या फांद्यांचा भारा, तोंड दिसेना. मागे आई. हे काम कोणाचं, विचारलं. “कोनाचं म्हंजे? आमचंच.” मग आईने आपला भारा टेकवून समजावलं. भाताचं रोप करायच्या जागेवर फांद्या, शेण, पातेरा पसरायचा आणि पावसाआधी भाजायचा. तो राब. वरकस म्हणजे पाटलाचा माळ, तिथली झाडं ते वाडीला तोडू देतात. त्यात कोणी कोणाचा नोकर नाही.

आमच्याकडे देशावर ज्वारी. राब मला राबण्यातूनच माहीत. तसं म्हणाले तर ती म्हणते, “मंग तुमच्याकं भात आभालातून पडतो काय गो बाय?” ठमी भाऱ्याखाली हसत होती. मीही हसले.

परत येताना हसू गेलं. मास्तरांना मी हे कधीच सांगून बसले आहे.

मंगळवार, ता. ८

उशीर झाला. मास्तर काल संध्याकाळी पाटलांशी बोलले. म्हणजे आम्ही ओढ्यावर हसत होतो तेव्हाच. मास्तर वाईट हेतूने बोलले नाहीत. “मुलीला तेवढी शाळेपुरती मोकळी करा,” एवढंच म्हणाले म्हणे. पाटील शाळाकमिटीचे मुख्य, मुलं यावीत असं त्यांनाही वाटतं. पण त्यांनी ऐकलं ते असं की गोमा, म्हणजे ठमीचा बाप, गावभर सांगत सुटलाय की पाटील माझी पोर राबवतो.

आज सकाळी पाटील गोमाला चावडीवर बोलावून सगळ्यांदेखत बोलले. वरकसावर पाऊल टाकायचं नाही. त्याने काय उत्तर दिलं विचारलं. मास्तर म्हणाले, टोपी काढून उभा होता.

मास्तरांना मी राबाचं सांगितलं. ते इथलेच. कपाळाला हात लावला. “अहो बाई, तुम्ही ‘राबाला’ म्हणाला असतात तर मला लगेच कळलं असतं. तुम्ही ‘राबायला’ म्हणालात.”

एक य.

पाटलांना आजच सांगू या म्हटलं. म्हणाले, जरा निवू द्या.

बुधवार, ता. ९

वाडीवर जाऊन आले. गोमा दावं वळत होता. मी बोलत राहिले, माझी चूक, मला शब्द माहीत नव्हता वगैरे. त्याने हात थांबवले नाहीत. शेवटी म्हणाला, “तुमी शिकलेल्या. तुमचं चुकलं तरी तुमाला कोन उभं करतंय चावडीवर?”

ठमीच्या आईने पाणी दिलं.

आता ठमीला घेऊन तो डोंगराच्या पोटाशी जातो, लांब. उजाडायच्या आत निघतात, दिवेलागणीला परत. वरकसावरून ती दुपारपर्यंत तरी मोकळी व्हायची. सोमवारी ओढ्यावर आई म्हणाली होती, शिमग्यापर्यंत फांद्या पुऱ्या झाल्या की धाडते. आता शिमग्यानंतरही नाही. आणि लांबून आणलेल्या फांद्यांनी राब पुरा होईल का, तेही सांगता येत नाही. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही, हे आता मलाही कळतं.

मी तिला शाळेत आणायला गेले होते.

गुरुवार, ता. १०

वर्गात एक केलं. फळ्यावर ‘राब’ लिहिलं आणि म्हटलं, मला येत नाही, तुम्ही सांगा. पाटीवर वाक्यं लिहा. वाडीची मुलं मागे भिंतीला टेकून बसतात, विचारलं तर जमिनीकडे बघतात. आज तीच बोलायला लागली. कोणत्या झाडाची फांदी चांगली जळते, शेण खाली की वर, वारा पडल्यावरच पेटवायचं, माती वरून टाकायची म्हणजे आग धावत नाही. पुढच्या रांगेतला पेठेतला मुलगा हसला तर मागून एकाने सुनावलं, “तुज्या दुकानात राब मिलतो काय रे?” लिहिताना अक्षरं वेडीवाकडी, पण कोणी कोणाचं बघून लिहिलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा.

त्यांच्याकडूनच समजलं की शिमग्यानंतर शाळा सकाळची होते तेव्हा वाडीची मुलं यायची पुरती बंद होतात. सकाळ म्हणजे फांद्या तोडायची वेळ, उन्हं चढली की भारा सोसत नाही. दर उन्हाळ्यात मास्तर त्यांच्या नावापुढे ‘आळशी’ लिहीत आलेत. मीही लिहिलं असतं. मास्तरांना विचारलं, वाडीच्या मुलांना उन्हाळाभर मी दुपारी घेऊ का? त्यांची ना नाही. पण वेळ बदलायची तर कमिटीला विचारायला हवं.

म्हणजे पाटलांनाच.

शुक्रवार, ता. ११

मास्तरांनी तोड काढली आहे. बुधवारी होळी. दुसऱ्या दिवशी धुळवडीला सोंगं निघतात, गडीमाणसं पाटलांच्या तोंडावर काय वाटेल ते बोलतात आणि पाटील हसतात. “तेव्हा मी गमतीत काढतो विषय. बाईंनी राबाचं राबायला केलं म्हणून. सगळे हसतील, पाटीलही हसतील, मिटलं.” तुम्हाला यायचीही गरज नाही, म्हणाले.

चांगलं वाटलं ऐकून. मन हलकं झालं.

संध्याकाळी पुन्हा जड. धुळवडीला बोललेलं कोणी मनाला लावून घेत नाही, म्हणून तर तो दिवस. मग हेही कोणी लावून घेणार नाही. पाटील गोमाला ओरडले ते काही गमतीत नव्हे. माझी चूक मात्र सोंगांतून फिरवायची.

पण भीती वाटते. इथे मी एकटी. पाटील चिडले तर वरती कळवतील, बदली होईल, नाहीतर नोकरीच. काकांना काय लिहू? आणि उन्हाळ्यातली दुपारची शाळा तीही गेली. चूक कबूल करून वाडीचं अधिकच नुकसान झालं तर?

शनिवार, ता. १२

ठमी भेटली. विहिरीवर, आईसोबत. हातांवर ओरखडे. जवळ आली नाही, लांबूनच विचारलं, “बाई, माजं नाव काढलं काय शालंतून?”

नाही म्हटलं.

“पुस्तक परत देऊ काय?”

ठेव म्हटलं. ती आईकडे बघायला लागली. आई घागर उचलत म्हणाली, “ठेव म्हनतात तर ठेव.” माझ्याकडे न बघता. पण म्हणाली.

रविवार, ता. १३

मास्तरांना सांगितलं, मी धुळवडीपर्यंत थांबत नाही, चावडीवर जाऊन सांगते. बाईमाणसाने चावडीवर जाऊ नये म्हणाले, मग म्हणाले, “माझं येणं होईलसं वाटत नाही.” रागावले नाहीत, घाबरले आहेत. मीही.

पाटलांच्या घरी जाऊन पाटलीणबाईंना सांगावं असंही मनात आलं. सोपं झालं असतं. पण पाटील गोमाला घरात नाही बोलले. चावडीवर, सगळ्यांदेखत बोलले. दुरुस्ती चुकीच्या खालीच लिहायची असते.

काय बोलायचं ते किती वेळा जुळवलं. लांब होतं, त्यात माझीच बाजू येते. आता एवढंच ठेवलं आहे: गोमा कोणाला काही बोलला नाही, त्याच्या घरची ‘राबाला’ म्हणाली, मी ‘राबायला’ ऐकलं, वरकस त्याला पुन्हा द्या. दुपारच्या शाळेचं उद्या काढायचं नाही. ते मागायला पुन्हा तोंड उरलं तर नंतर.

होळीची लाकडं ठरवायला उद्या वाडीसकट सगळे चावडीवर जमणार आहेत. गोमाही असेल.

उद्या, सोमवार, ता. १४. शाळा भरायच्या आधी.