फाडलेले पान बहिणीला द्यावे

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय मनोविकारतज्ज्ञ (निवृत्त), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. असे दाखले मी जन्मभर दिले. त्यांवर फार विसंबू नये.

१. पुस्तके वैद्यकीय महाविद्यालयाला. माझा जुना भागीदार मागेल, त्याला एकही देऊ नये. कोर्टाच्या निकालाच्या दिवशी "सुटलास बुवा!" म्हणत त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, तेव्हा मारल्या गेलेल्या शिक्षिकेची बहीण चार पावलांवर उभी होती.

२. रुग्णांच्या फाइली न वाचता जाळाव्यात.

३. सुताराचे मात्र सांगणे भाग आहे. सहा वर्षे तो माझ्याकडे येत होता. इतका सुधारला होता, की परिषदांत मी त्याचे उदाहरण देत असे. एका मंगळवारी तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, वरच्या मजल्यावरच्या बाई भिंतीतून मला हाका मारतात. त्यांना गप्प करावं लागेल."

"कधी?"

"पटाशीला धार लावून झाली की."

मी नोंद केली: 'शिक्षिकेस कळवावे. रुग्णास आजच दाखल करावे.' फोन उचलला आणि ठेवला. रुग्णाचे गुपित फोडू नये, असे मनाशी म्हटले. खरे म्हणजे माझे उदाहरण मोडलेले मला नको होते. गुरुवारी जिन्यात त्याच्या पटाशीने बाई गेल्या.

ते पान मी फाइलीतून फाडून घेतले. बहिणीने माझ्यावर लावलेल्या दाव्यात कोर्टात विचारले, "असं काही बोलला होता?" मी "नाही" म्हणालो. ज्याची कल्पना नव्हती त्याला डॉक्टर जबाबदार नाही, असा निकाल लागला. बाहेर बहिणीने विचारले, "आठ दिवस बहिणीकडे राहायला जा, एवढं तिला सांगायला काय झालं होतं?" मी मान खाली घालून निघून गेलो.

पान बँकेच्या लॉकरमध्ये आहे. ते बहिणीला द्यावे. तिने पुन्हा दावा लावल्यास कोणीही विरोध करू नये.

४. घर व ठेवी त्या दाव्यातून उरल्यास मुलीच्या. पोरी, जिवंतपणी हे तुला सांगायची हिंमत झाली नाही.

५. सुतार अजून मनोरुग्णालयात आहे. दर महिन्याला मी गेलो की तो विचारतो, "वरच्या बाई बऱ्या आहेत ना?" मी "हो" म्हणतो. हे खोटे पुढे चालवण्याचे बंधन कोणावरही नाही.

स्थळ: राहते घर
दिनांक: ९ ऑगस्ट २०१९
सही: मृत्युपत्र करणार

साक्षीदार १: शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर (सही)

साक्षीदार २: डॉक्टरांच्या दवाखान्यातील परिचारिका (सही). मजकूर वाचला. पान फाडताना मी दारात उभी होते. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही.