कोपर न वाकवता

२ जानेवारी १९८३
संकल्प: २६ तारखेच्या मॅचला पिचर मीच. नव्या साहेबांनी बेसबॉलचं सामान आणलंय. ऑफिस विरुद्ध वर्कशॉप. बेसबॉल म्हणजे टप्पा न पाडता केलेली बोलिंग. शिवाय मी क्लब मॅचचा जुना अंपायर.

३ जानेवारी
साहेबांनी पिचिंग दाखवलं. धक्का बसला. कोपर वाकवून फेकायचं म्हणे. असल्या माणसांना मी जन्मभर नो-बॉल दिले. मी हात सरळच ठेवणार. साहेब म्हणाले, आधी कंबर फिरवा, सगळा जोर खांद्यावर दिलात तर खांदा जाईल. मी नम्रपणे हसलो.

९ जानेवारी, रविवार
गोल्फ क्लबच्या मैदानावर प्रॅक्टिस. कॅचर आमच्या स्टोअरचा निवृत्ती. एक चेंडू धरता येईल तर शपथ. वर विचारतो, रावजीभाऊ, मी पार नदीपलीकडे पंचवटीत जाऊन उभा राहू का? वेग त्याला झेपत नाही.
खांद्यात किंचित कळ. थंडीची.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ डाव्या हाताने घेतला. वत्सला म्हणाली, अहो, सणाला तरी उजवा हात पुढे करा. म्हटलं, पिचर लोक हात राखून ठेवतात.
समोरच्या गोजराबाईंची किल्ली आमच्याकडे असते. वत्सलाने ती गॅलरीतून फेकली. कंबर फिरवून, कोपर वाकवून. हिला शास्त्र कोण सांगणार? किल्ली बाईंच्या ओंजळीत पडली खरी. वारा अनुकूल होता.

२० जानेवारी
निवृत्ती म्हणतो, मी पिचिंग करून बघतो, तुम्ही स्कोअर लिहा. शुद्ध मत्सर. साहेबांना सांगितलं, खांदा ठणठणीत आहे. सकाळी शर्ट वत्सलाने घालून दिला, पण ते त्यांना कशाला सांगायचं?

२५ जानेवारी
मलम. शेक. पूर्ण विश्रांती. उद्या वर्कशॉपवाले बघतच राहतील.

२६ जानेवारी, संध्याकाळी
ह्यांचा हात गळ्यात बांधलाय, म्हणून हे सांगतायत आणि मी वत्सला लिहितेय.
पहिला चेंडू अपेक्षेपेक्षा वेगाने गेला. कुठे ते लिहायचं नाही. (साहेबांच्या मिसेसच्या चहात.) चूक थंडीची, थोडी निवृत्तीची. पुढचं पिचिंग त्यानेच केलं आणि ऑफिस जिंकलं, हेही लिहायचं नाही. कोपर शेवटपर्यंत सरळ होतं, याखाली रेघ मार म्हणाले. मारली.
आता डोळा लागलाय ह्यांचा. मागची पानं वाचली.
संक्रांतीला वारा पडलेला होता. आळीत एकाचाही पतंग चढला नव्हता.