दाताखालचा दाणा

चिखलदरा,
२१ जानेवारी २०२५

चिरंजीव देवीदासले ताईचा आशीर्वाद.

इकडं आमी बरे आहो. थंडी लय आहे, सकाळी पत्र्यावर दंव साचून राह्यते. तू कसा आहे ते इचारत नाही, तुह्या बायकोनं, शकुननं, सांगतलं. मी फोन केला का तू व्हिडीओत तोंड फिरवतं, म्हणून लिहायले बसली. चौथीपर्यंतचं अक्षर आहे माह्यं, लागन तसं वाच.

आधी मळ्याचं सांगतो. यंदा कॉफी चांगली लदली. तोडणीले बाया आल्या, त्यात पंचफुला हिरवंच फळ ओरबाडत होती. म्हटलं, "बाई, लाल पाहून तोड, भाजीले नाही नेत आपण." तर म्हणे, "देवाभाऊ असते तर गोडीनं सांगतलं असतं." म्हटलं, देवाभाऊ नाही, मी आहे, तोड लाल.

फळाचं सालटं काढलं. बिया रातभर पाण्यात ठेवल्या, चिकट सुटेपर्यंत चोळून धुतल्या, अन् अंगणात वाळू घातल्या. दिवसभर पालटायच्या, सांजेले दंव पडायच्या आधी झाकायच्या. तुहे भाऊजी एक दिवस झाकायचं इसरले. त्या दिवशी त्यायले थंडं जेवायले वाढलं.

पुढचं काम तुह्यं होतं. दाणा वाळला का नाही ते दाताखाली धरून तूच सांगायचा. दबला तर ओला, कट्कन फुटला तर झाला. अमरावतीचा व्यापारी म्हणे, "काकू, त्याची मशीन येते आता." म्हटलं, ठेवा तुमची मशीन, माहा भाऊ सांगते.

मी चावून पाह्यलं, पण माही दाढ हलते, मले काही समजेना. मंग मूठभर दाणे पुडीत बांधले, वर तुह्यं नाव टाकलं. तू बाहेरगावी असला तर चावून पाहायले दरसाली धाडतोच ना आपण, तसं. रस्त्यावर जाऊन योगेशची तुह्याकडं जाणारी काळीपिवळी जीप थांबवली. त्यानं पुडी हातात घेतली, हुंगली, अन् हळूच म्हणे, "काकू, देवाकाकाले हे चावता येईन का आता?"

तवा आठवलं मले. भर रस्त्यात खाली बसली मी. मागची गाडी हॉर्न वाजवून राह्यली होती, तरी उठवलं गेलं नाही.

त्या तंबाखूच्या खर्र्यापायी मी तुले किती शिव्या देल्या. आता कॅन्सरच्या ऑपरेशनात जीभ गेली, अर्धा जबडा गेला. आता शिव्या देऊन काय करू.

आता ज्याच्यासाठी लिहायले बसली ते लिहितो. नाकातली नळी तू उपटून फेकली. तवापासून पोटात काही घेत नाही. तुह्या पोरीच्या, खुशीच्या पाटीवर तू लिहून देल्लं, 'चव गेली, मंग खाऊ काहून.' पोरीनं ते पुसलं नाही अजून. शकुन हे सांगताना रडली नाही, मले त्याचंच भेव वाटलं.

चव गेली तर गेली. पोटाले कुठं चव समजते. त्याले भूक समजते.

दाणे शेवटी त्या मशीनवरच पाह्यले. उखळात कांडले, फोल पाखडलं, लोखंडी कढईत भाजले. दुसऱ्यांदा तडतडले तवा उतरवले, तू उतरवतं तसे. दळून डब्बा भरला, तो या चिठ्ठीसंगं योगेशजवळ देतो. दवाखान्यातल्या नर्सले फोन करून इचारलं, नळीतून कॉफी चालते का. आधी हासली. मंग म्हणे, "दुधाची, पातळ, कोमट. थोडीशी चालन." शकुनले ही चिठ्ठी दाखव, दोनदा फडक्यातून गाळ म्हणावं, भुकटी अडकली तर नळी बंद पडते. अन् नळीत सोडायच्या आधी कप तुह्या नाकाजवळ धर म्हणावं. नळी एकाच नाकपुडीत राह्यते. दुसरी मोकळी आहे तुही.

दवाखान्यापायी तिकडं शहरात, जठारपेठेत साळ्याच्या घरी पडून राह्याची तुले लाज वाटते, मले माहीत आहे. खोलीत कोणी आलं का तोंडाले दुपट्टा बांधतं, म्हणे. बांध. मी राखी मनगटाले बांधतो, तोंडाले नाही. ताई म्हणता येत नसन तर नको म्हणू. आई गेली, बाबा गेले, माहेर म्हणून तूच उरला. मी तुह्या घरी आली का नुसतं मान वर करून पाह्य माह्याकडं, तेवढ्यात भागते माह्यं.

नळी लावू दे देवा. हात जोडतो, अन् मी कोणाले हात जोडत नाही हे तुले माहीत आहे.

शुक्रवारी येऊन राह्यली. आल्यावर काही इचारणार नाही, तुह्या नाकाकडं पाहीन.

तवर जिवंत राह्य.

तुही ताई,
सुभद्रा