मागच्या पानावरचा डाग

मंगळवार, संध्याकाळी सात

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेला, तेव्हापासून ते वहीतच बोलतात. पाणी मागायचं असलं तरी वर आधी ‘जय भीम’, मग खाली ‘पाणी दे वं’. पेन त्यांचं जुनंच, शाईचं. दुसरं हातात धरत नाहीत.

हल्ली शाई मागच्या पानावर उमटते. मी तीन कंपन्यांची शाई आणून पाहिली, जाड कागदाच्या वह्या आणल्या. डाग तसाच. आज बर्डीच्या बाजारातल्या पेनांच्या दुकानदाराला वही दाखवली. त्यानं डागावर बोट ठेवलं. “ताई, कागद काहून बदलून राहिल्या तुम्ही? निब एका जागी टेकून राहिली, तं कोणत्याही कागदावर शाई फुटते.”

म्हणजे शब्दाच्या मध्येच बाबांचा हात थांबतोय. हे मला घरात दिसलं कसं नाही? की दिसलं होतं, म्हणूनच मी शाई बदलत बसले होते?

घरी येऊन नवी वही पुढे ठेवली. बाबांनी ‘जय’ लिहिलं आणि निब तिथंच टेकली. डाग पसरत गेला. मी वाट पाहिली. मग त्यांनी टोपण लावलं, पेन माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

पाणी हवं होतं का, तेही कळलं नाही.